दाखला मिळतो तोवर हात गेलेला असतो

पहाटे पाचला गोठा. दोन गाई पिळायच्या, सहाच्या आत दूध डेअरीवर. मग चूल, भाकरी, पोरांचे डबे आणि साडेआठला कापूस वेचायला, नाहीतर खुरपायला. आपल्या तालुक्यांतल्या बहुतेक घरांत बाईचा दिवस असाच सुरू होतो. आता याच बाईच्या हाताची बोटं सकाळी उठल्यावर मिटतच नसतील तर? मूठ वळत नाही, आचळ धरवत नाही, पीठ मळताना मनगटातून कळ जाते. नऊ-दहा वाजतात, ऊन चढतं, तसे हात जरा मोकळे होतात. दुपारी बघणाऱ्याला ती धडधाकटच दिसते. मग घरात आणि शेजारी एकच बोलणं सुरू होतं, "कामाच्या टायमालाच हिचं दुखणं कसं काय निघतं?"

हे सोंग नाही. या दुखण्याला गावात वात, सांधेवात, आमवात असं काहीही म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रुमेटॉइड आर्थ्रायटिस किंवा नुसतं 'आरए' लिहिलेलं असतं. सकाळी सांधे जखडणं आणि तासभर, कधी त्याहून जास्त वेळ न सुटणं ही त्याची मोठी खूण. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा इथे चुकून आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं आणि ती सूज हळूहळू कूर्चा आणि हाड कुरतडत जाते. सूज वाढवणारी रसायनं पहाटेच्या सुमाराला रक्तात जास्त असतात, म्हणून सकाळ सगळ्यात वाईट. म्हणजे दुखणं 'कामाच्या टायमाला' निघतं हे शेजारणीचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, तिने काढलेला अर्थ तेवढा चुकीचा आहे.

इथे एक गोष्ट आधी वेगळी करून घेऊ. साठीनंतर गुडघे दुखतात, चढताना कुरकुरतात, ती झीज. ते वेगळं दुखणं. त्यात चालल्यावर जास्त दुखतं, बसल्यावर बरं वाटतं. आमवातात उलटं होतं, बसून राहिलं की सांधा धरतो आणि हालचालीने सुटतो. तो हाताच्या आणि पायाच्या लहान सांध्यांपासून सुरू होतो आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना. चिकुनगुनियानंतरही महिनोन्‌महिने सांधे दुखतात, त्यामुळे ताप येऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. आणि आमवात म्हातारपणाची वाट बघत नाही. तो कोणत्याही वयात होतो, पण बहुतेकदा तीस ते पन्नासच्या दरम्यान धरतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट जास्त होतो. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तो पहिल्यांदा डोकं वर काढतो किंवा भडकतो, असंही बऱ्याचदा दिसतं. नेमकं कमावतं वय, नेमके हात, नेमकी सकाळ.

असे किती जण असतील? याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रातल्या एका गावाने दिलेलं आहे. इंदापूर तालुक्यातलं भिगवण. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये तिथे घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड या उपक्रमाचा तो भाग होता. चार हजारांहून जास्त प्रौढ माणसांना विचारण्यात आलं. साधारण १८ टक्के लोकांना हाडं, सांधे, स्नायू यांचं काही ना काही दुखणं निघालं, आणि आमवात निघाला साधारण अर्ध्या टक्क्याला. अर्धा टक्का ऐकायला काहीच नाही. पण दोन हजार प्रौढ माणसं असलेल्या गावात त्याचा अर्थ दहा माणसं. दहा घरं. त्यात बाया जास्त. आपल्या गावातली ती दहा घरं कोणती हे कुठल्याच रजिस्टरला लिहिलेलं नाही. आशाताई बीपी विचारते, शुगर विचारते, तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर तपासायला पाठवते. सकाळी मूठ वळते का, हे असं ठरवून कोणी विचारत नाही.

माझ्या चुलतीचं उदाहरण देतो, कारण ते मी घरात बघितलं आहे. वय तेव्हा अडतीस. सुरुवात बोटांच्या पेरांपासून झाली. पहिले आठ महिने गावातल्या दवाखान्यात इंजेक्शनं, मग कोणी सांगितलं म्हणून बाजारच्या गावाहून आणलेल्या पुड्या. पुडी घेतली की दुसऱ्या दिवशी हात मोकळे, म्हणून सगळे खूश. तोंड सुजून गोल झालं तेव्हा बायका म्हणाल्या, "आता अंग धरलं बाईने." शुगर निघाली तेव्हा जिल्ह्याच्या डॉक्टरांनी पुडी बघायला मागितली आणि म्हणाले, यात बहुतेक स्टेरॉइड आहे. खरा आजार कळायला दीड वर्ष गेलं. दीड वर्षात उजव्या हाताची दोन बोटं बाहेरच्या बाजूला कलली होती, ती आजही तशीच आहेत.

कामाची मोजणी किलोवर, टनावर, घनमीटरवर

नोकरीवाल्या माणसाला आमवात झाला तर तो रजा काढतो. रजा संपली तर बिनपगारी जातो. सरकारी नोकरीत असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० त्याच्या पाठीशी आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही, जमेल असं दुसरं काम द्यावं लागतं. मास्तर, तलाठी, शिपाई, सगळ्यांना हे लागू आहे.

आपल्याकडच्या मजुराचा हिशेब निराळा. कापूस किलोवर वेचला जातो. ऊस टनावर तोडला जातो. रोजगार हमीवर खोदलेल्या मातीचं मोजमाप होतं आणि त्यावर मजुरी निघते. ज्या बाईची बोटं सुजलेली आहेत ती वेचायला येते, दिवसभर वाकते, पण चाळीस किलोऐवजी पंचवीस किलो वेचते. तिची हजेरी पूर्ण, मजुरी कमी. ती 'आजारी' म्हणून कुठेच दिसत नाही, कारण ती घरी बसलेली नाही. पुढच्या आठवड्यात टोळीची मुकादम तिला बोलवायचं टाळते, तेही तोंडावर न सांगता. "उद्या गाडीत जागा नाही गं."

ऊसतोडीत तर हे आणखी कठीण. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीच्या नावावर घेतलेली असते. बायकोचं मनगट सुजलं की मोळी बांधणं आणि डोक्यावर उचलणं थांबतं, नवरा एकटा कितीही तोडो. उचल त्या हंगामात फिटत नाही, पुढच्या हंगामावर जाते. दुखणं एकीचं, कर्ज दोघांचं. पहाटे थंडीत फडात जावं लागतं, आणि थंडीतली पहाट हीच आमवातवाल्याला सगळ्यात अवघड.

पुरुष यातून सुटले आहेत असं नाही. न्हावी, शिंपी, गवंडी, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, द्राक्षबागेत थिनिंगला जाणारा पोरगा, यांचं सगळं पोट बोटांवर आहे. फरक एवढाच की पुरुषाचं काम थांबलं तर घरात लगेच बोंब होते आणि दवाखान्याची गाडी लवकर काढली जाते. बाईचं थांबलेलं काम शेजारीण, सासू आणि थोरली मुलगी वाटून घेतात. मुलीची शाळा बुडते, पण ते आमवाताच्या खात्यावर कोणी मांडत नाही.

जगभरातला एक अभ्यास इथे फार कामाचा आहे. २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. ३२ देशांतले ८,०३९ आमवाताचे रुग्ण त्यात होते. आजार सुरू झाला तेव्हा जे कामाला जात होते, त्यांच्यापैकी ३७ टक्के लोकांचं काम पुढे या आजारामुळे सुटलं. पण त्यातली खरी बातमी दुसरीच होती. श्रीमंत देशांत ज्या अवस्थेत माणूस काम सोडून घरी बसतो, तेवढाच, कधी त्याहून जास्त आजार अंगावर घेऊन गरीब देशांतला माणूस कामावर जातच असतो. कारण उघड आहे. तिकडे काम सोडलं तर काहीतरी पेन्शन, भत्ता मिळतो. इकडे काम सोडलं तर चूल सुटते.

म्हणून आपल्याकडे 'किती जणांचं काम सुटलं' हा प्रश्नच अपुरा पडतो. आपल्याकडे काम सुटत नाही, काम झिजतं. वेचणीचे किलो कमी होतात, दोन गाईंची एक गाय होते, भाजीचा वाफा मोडतो, बचत गटाचा हप्ता थकतो. आणि सुजलेल्या सांध्यावर रोज रेटून काम केल्याने दुखणं चिघळतं ते वेगळंच.

कागदावर हा आजार कुठे बसतो?

२०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत. आधीच्या १९९५ च्या कायद्यात ते सात होते. एकवीसच्या यादीत सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, पार्किन्सन आहे. आमवात नावाने नाही. पण म्हणून दार बंद आहे असं समजू नका. यादीतला पहिला प्रकार चलनवलनाचं, म्हणजे अस्थिव्यंगाचं दिव्यांगत्व आहे, आणि त्याची व्याख्या सांधे, हाडं, स्नायू किंवा मज्जासंस्थेच्या बिघाडामुळे हालचालीला अडथळा अशी आहे. आमवाताने बोटं वाकडी झाली, मनगट धरलं, खांदा वर जात नाही, तर त्या प्रकारात तपासणी होऊ शकते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त निघालं की बहुतेक योजनांचा रस्ता उघडतो. नियमात तात्पुरता दाखलाही आहे. अवस्था पुढे बदलू शकते असं वाटलं तर मुदत घालून दाखला देता येतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि खिडकीवर कोणी आपणहून सांगतही नाही.

अडचण मोजण्याच्या पद्धतीत आहे. मंडळाचे डॉक्टर सांधा किती वाकतो, पकड किती आहे, जोर किती आहे हे बघतात, आणि तेही कायमचं झालेलं नुकसान. तपासणीची वेळ अकरा-बाराची. तोवर सकाळचा आखडलेला हात मोकळा झालेला असतो. आठवडाभर आधी दुखणं भडकलेलं होतं, आज जरा बरं आहे, तर आज दिसेल तेच लिहिलं जाणार. त्यात डॉक्टरची चूक म्हणता येत नाही, त्याच्यापुढचा तक्ता तसाच आहे. अपघातात तुटलेला हात आज जेवढा आहे तेवढाच उद्या असतो. आमवाताचा हात रोज वेगळा. म्हणून दाखला मिळायचा असेल तर बोटं कायमची वाकडी व्हावी लागतात, आणि औषधाचा सगळा खटाटोप ती वाकडी होऊ नयेत यासाठी असतो.

शेतकऱ्यांना गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना माहीत आहे. शेतात अपघात होऊन एक हात निकामी झाला तर १ लाख, दोन अवयव गेले किंवा मृत्यू झाला तर २ लाख. योजना चांगलीच आहे, मळणी यंत्रात हात गेलेल्या घराला तिचा आधार झाला आहे. पण तोच हात आमवाताने चार वर्षांत गेला तर एक रुपया नाही. मुळात योजनाच अपघाताची आहे. मग आजाराने हात गेलेल्याचं काय, तर त्याच्यासाठी वेगळं खातंच उघडलेलं नाही.

संजय गांधी निराधार योजनेचं थोडं वेगळं आहे. तिथे दिव्यांग बसतात, आणि क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग 'यासारख्या' दुर्धर आजारामुळे पोट भरू न शकणारेही बसतात. 'यासारख्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. आमवाताचं नाव तिथेही नाही, पण हात निकामी झालेल्या माणसाचा अर्ज त्या शब्दाच्या आधारे करता येतो, मंजुरी तालुक्याच्या समितीच्या हातात. आजाराच्या गटात वर्षाला २१ हजारांची उत्पन्नमर्यादा आहे, ती आजच्या दिवसात किती घरांना खरी लागू होते हे तुम्हीच बघा. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झाली, म्हणून दाखला असणं आता आणखी महत्त्वाचं झालं आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, तोही पैसा दाखल्यावरच मिळतो.

औषध आहे, आणि ते महाग नाही

इतकं वाचून असं वाटेल की आमवात झाला म्हणजे संपलंच. तसं नाही. उलट या आजाराची गोळी चाळीस वर्षांपासून वापरात आहे आणि स्वस्तही आहे. मेथोट्रेक्सेट हे तिचं नाव. तिच्या जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन अशा गोळ्या देतात. या गोळ्या नुसत्या दुखणं दाबत नाहीत, आजाराचा वेगच कमी करतात. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुरू झाल्या आणि नेमाने चालू राहिल्या तर बऱ्याच जणांचे हात वाकडे होत नाहीत, काम चालू राहतं. वर्षा-दोन वर्षांनी सुरू झाल्या तर पुढचं नुकसान थांबतं, मागचं भरून येत नाही. हा सगळा लेख या एका वाक्यासाठी लिहिला असं म्हटलं तरी चालेल.

मेथोट्रेक्सेटबद्दल एक गोष्ट मोठ्याने सांगावी लागते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एक वार ठरवायचा, सोमवार म्हणजे सोमवारच. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, तोंडात फोड येतात आणि माणूस जिवानिशी जाऊ शकतो. चिठ्ठी नीट वाचून घ्या, वार मराठीत लिहून मागा. सोबत फॉलिक अॅसिड देतात, तेही डॉक्टर सांगतील तसं. दर दोन-तीन महिन्यांनी लिव्हर, किडनी आणि रक्तपेशींची तपासणी लागते. दारू पिणाऱ्याने ते डॉक्टरपासून लपवू नये. आणि ज्या लेकीसुनेला मूल हवं आहे तिने आधी डॉक्टरांना सांगावं. ही गोळी गरोदरपणात चालत नाही, काही महिने आधी बंद करून दुसरी सुरू करावी लागते.

आता 'पुडी'बद्दल. स्टेरॉइड हे औषध वाईट नाही, डॉक्टर स्वतः सुरुवातीला थोड्या दिवसांसाठी देतात. पण नाव नसलेल्या पुडीत ते किती आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. हाडं ठिसूळ होतात, शुगर-बीपी वाढतं, आणि पुडीच्या आरामाखाली सांधा गुपचूप झिजत राहतो. बरेच महिने घेतलेली पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, लाजू नका. तंबाखूबद्दलही एक ओळ: बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला हा आजार होण्याची शक्यता जास्त असते आणि झाल्यावर तो जास्त चिवट निघतो.

औषध स्वस्त आहे, मग लोक बंद का करतात? एका फेरीचा हिशेब मांडू. समजा बाईचा रोज ३०० आणि सोबत येणाऱ्या नवऱ्याचा ४००. जिल्ह्याला गेलं की दोघांचे रोज बुडाले, ७०० गेले. एसटीला बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तरी दोघांचं येऊन-जाऊन दोन-तीनशे धरा. चहा-नाश्ता धरला की हजार रुपये गेले, गोळीची पट्टी अजून घ्यायचीच आहे. खासगी लॅबमधली तपासणी वेगळी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, पण मोफत तपासणीलाही रोज बुडवूनच जावं लागतं. महात्मा फुले योजनेचं कार्ड घरात असतं, पण ती योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णासाठी. दर महिन्याच्या गोळ्या आणि तपासण्या त्यात येत नाहीत. म्हणजे सांधा पूर्ण गेल्यावरच्या मोठ्या उपचाराला सरकारी पैसा आहे, तो जाऊ नये म्हणून लागणाऱ्या गोळीच्या फेरीला नाही. दाखल्याचं गणित आणि कार्डाचं गणित इथे सारखंच होतं. दोन्ही नुकसान होऊन गेल्यावर पोचतात.

इलाज फार खर्चिक नाही. बीपीची गोळी जशी उपकेंद्रावर मिळते, तशी आमवाताची गोळी एकदा मोठ्या डॉक्टरांनी ठरवून दिली की प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळावी आणि रक्त तिथेच काढलं जावं. ई-संजीवनी ही व्हिडिओवरून तज्ज्ञांशी बोलायची सरकारी सोय आरोग्य मंदिरांत आहेच, तिचा उपयोग या फेऱ्या वाचवायला करता येईल. आशाताईच्या फॉर्मात तीन प्रश्न वाढवा. सकाळी हात तासभर जखडतात का? बोटांचे सांधे सुजतात का? हे सहा आठवड्यांपेक्षा जास्त चाललं आहे का? तीनही उत्तरं 'हो' आली तर जिल्हा रुग्णालयात मेडिसिनच्या डॉक्टरांकडे पाठवा. तिथे आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर अशा रक्ताच्या तपासण्या सांगतात. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाहीच असं नसतं, आणि नुसता पॉझिटिव्ह आला म्हणजे आहेच असंही नसतं. लॅबचा कागद बघून घरीच निकाल लावू नका.

कामाच्या ठिकाणीही थोडं हलवता येतं. रोजगार हमीच्या सूचनांमध्ये दिव्यांग मजुरांना पाणी देणं, लहान मुलं सांभाळणं, मेटचं काम अशी हलकी कामं द्यायची सोय आजवर राहिली आहे. ग्रामसेवकाला लेखी मागितली की तो सहसा नाही म्हणत नाही, तोंडी मागितली की विसरतो. टोळीत वेचणीला येणाऱ्या अशा बाईला दोन तास उशिरा येऊ दिलं तर तिचे किलो वाढतात, मुकादमाने एकदा करून बघायला हरकत नाही. खुरप्याच्या, विळ्याच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड केली की पकडीला जोर कमी लागतो. हंडा एका बोटाने कडीत धरून उचलण्याऐवजी दोन्ही तळव्यांवर घ्यावा. सकाळी कोमट पाण्यात हात दहा मिनिटं बुडवून ठेवले की लवकर सुटतात. औषधाच्या जागी हे उपाय चालणार नाहीत, पण औषधाबरोबर चालतात.

दाखल्यासाठी जायचं असेल तर मंडळाचा वार आधी फोनवर विचारून घ्या, अर्ज आता ऑनलाइन करावा लागतो. सोबत आधार, जुन्या सगळ्या चिठ्ठ्या, एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट न्या. सकाळी उठल्या उठल्या मूठ कितपत वळते याचा मोबाइलवर आठवडाभर व्हिडिओ काढून ठेवा, आणि डॉक्टर बघायला तयार असतील तर दाखवा. डॉक्टरांनी तो बघायलाच हवा असा नियम नाही, पण अकरा वाजताचा हात आणि सहा वाजताचा हात यातला फरक सांगायला आपल्याकडे दुसरं काही नाही.

चुलतीचं पुढे असं झालं की गोळी लागू पडायला तीन महिने लागले. आता चार वर्षं झाली, दर सोमवारी रात्री गोळी, कॅलेंडरवर खूण. वेचणीला ती जात नाही. गाई दोनच्या दोन आहेत. सकाळचं दूध जाऊ काढते, संध्याकाळचं ही काढते, आणि डेअरीचं बिल दोघी अर्धं-अर्धं करतात.